द्विध्रुवीय मनोविकार आणि हास्य : मात्रा, काल व पात्र यांचा विचार

हसण्याने आयुष्य वाढते, हा समज आपल्या समाजात चांगलाच रुजलेला आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत पहिला हास्यक्लब सुरू केला. तेव्हापासून सकाळी उद्यानात जमून हात उंचावून हसणारे गट महाराष्ट्राच्या लहानमोठ्या शहरांत सर्वांच्या परिचयाचे झाले. त्याचाच एक परिणाम असा की, मनोविकाराच्या रुग्णाचे नातेवाईक आपल्या चिकित्सालयात येतात तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, त्याले हसतं-खेळतं ठेवलं तं गोळ्या बंद करता येतीन का?"

प्रश्न साधा वाटतो, परंतु रुग्णास द्विध्रुवीय मनोविकार, म्हणजे ज्यास 'बायपोलर डिसऑर्डर' म्हणतात तो व्याधी असेल, तर उत्तरावर त्याचे प्राण अवलंबून असू शकतात. हास्य हे औषध आहे असे एकदा मान्य केले, की औषधास लागू होणारे सर्व नियम त्यासही लागू करावे लागतात. मात्रा किती, काल कोणता आणि पात्र कोण, याचा निर्णय केल्याशिवाय आपण साधे त्रिफळाचूर्णही देत नाही. हास्याच्या बाबतीत मात्र हा विचार क्वचितच होतो. तो करावा, या हेतूने प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

व्याधीचे स्वरूप

या विकारात मन दोन विरुद्ध टोकांकडे जाते. एका टोकास उन्मादावस्था असते. किमान एक आठवडा टिकणारा अकारण उत्साह किंवा चिडचिड, अखंड बडबड, मोठमोठ्या योजना, अविचारी खर्च आणि दोन-तीन तास झोपूनही थकवा न जाणवणे, ही तिची लक्षणे होत. याच लक्षणांचे सौम्य रूप किमान चार दिवस टिकले, तर त्यास अल्पोन्माद म्हणतात. दुसऱ्या टोकास किमान दोन आठवड्यांचे गाढ नैराश्य असते. रुग्ण अंथरूण सोडत नाही, भूक व झोप बिघडते आणि जगणे व्यर्थ वाटू लागते. या दोन्हींच्या मध्ये समावस्थेचा काळ असतो. तो काही महिन्यांचा किंवा वर्षांचाही असू शकतो, आणि त्या काळात हीच व्यक्ती शेती, नोकरी, संसार उत्तम रीतीने सांभाळते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील प्रौढांपैकी सुमारे ०.५ टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी हा विकार झालेला आढळला, आणि रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के उपचारांपासून वंचित होते. आमच्या वाशिम जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात याची कारणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. उन्मादाच्या काळात 'पोरगं लय हुशार झालं' असे कौतुक होते, नैराश्याच्या काळात 'आळशी झालं' अशी निंदा होते, आणि दोन्ही एकदम डोळ्यांवर आली की 'बाहेरचं लागलं' असे निदान गावातच होऊन जाते. वैद्यापर्यंत पोहोचावयास मध्ये कित्येक वर्षे जातात.

संहितांतील हर्ष

द्विध्रुवीय मनोविकारास एखादी संहितोक्त संज्ञा तंतोतंत लावण्याचा अट्टहास आम्ही करू इच्छित नाही. तथापि चरकाचार्यांनी उन्मादाचे जे वर्णन केले आहे, त्यात या व्याधीच्या चिकित्सकास उपयोगी पडणारे पुष्कळ आहे. मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद होय. वातज उन्मादात अस्थानी हसणे, गाणे, नाचणे ही लक्षणे सांगितली आहेत. कफज उन्मादात एका जागी बसून राहणे, मौन, मंद हालचाली आणि एकांताची आवड सांगितली आहे. उन्माद व नैराश्य या दोन टोकांशी या वर्णनांचे साम्य सहज लक्षात येते.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, 'हर्ष' हा शब्द आचार्यांनी दोन्ही बाजूंस योजिला आहे. उन्मादाच्या चिकित्सेत रुग्णास धीर देणे, सांत्वन करणे यांच्याबरोबर त्यास हर्षित करणे हाही उपाय येतो. त्याच चिकित्सास्थानात काम, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या, लोभ यांच्या पंक्तीस हर्षही बसविला आहे, तोही उन्माद उत्पन्न करणारा म्हणून. अशा वेळी परस्परविरोधी भावाने त्याचे शमन करावे, असा तेथील उपदेश आहे. शोकातून उद्भवलेल्या विकारात हर्ष हे औषध होय, परंतु हर्षातून उद्भवलेल्या विकारात तोच हर्ष अपथ्य होय. अस्थानी हसणाऱ्या रुग्णास आणखी हसविणे म्हणजे ज्वरिताच्या अंगावर घोंगडी टाकण्यासारखे आहे. 'हसत राहा' हा सर्वांस सरसकट दिलेला सल्ला आयुर्वेदाच्या दृष्टीने म्हणूनच अपुरा ठरतो.

अहमदनगरात जन्मलेला विनोदकार

हास्य आणि हा व्याधी यांचा संबंध समजून घेण्यास एका व्यक्तीचे चरित्र फार उपयोगी आहे, आणि त्या व्यक्तीचा जन्म आपल्याच महाराष्ट्रातील आहे. इंग्लंडमधील प्रख्यात विनोदकार स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे झाला. वडील ब्रिटिश हिंदी सैन्यात होते. त्यामुळे त्यांचे बालपण पुणे व रंगून येथे गेले. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर ते जखमी झाले. पुढे १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवरील 'द गून शो' या कार्यक्रमाने त्यांनी इंग्रजी विनोदाची धाटणीच बदलून टाकली. त्यांना आयुष्यभर याच विकाराने ग्रासले होते.

त्या कार्यक्रमाच्या बहुतेक संहिता मिलिगन स्वतः लिहीत. दर आठवड्यास नवे प्रहसन उभे करण्याचा ताण त्यांच्यावर असे. १९५२ च्या अखेरीस त्यांची प्रकृती इतकी बिघडली की त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले, आणि पुढेही असे प्रसंग वारंवार आले. सारा देश ज्याच्या विनोदावर हसत होता, त्यास तो विनोद व्याधीपासून वाचवू शकला नाही.

तरीही हास्याने त्यांना काहीच दिले नाही, असे म्हणता येणार नाही. ज्या काळात मनोविकाराचा उच्चारही लोक टाळत, त्या काळात मिलिगन आपल्या आजाराविषयी उघडपणे बोलत राहिले. १९९३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासमवेत त्यांनी नैराश्यावर पुस्तक लिहिले. २७ फेब्रुवारी २००२ रोजी ते निवर्तले. विंचेल्सी येथील त्यांच्या थडग्यावर आयरिश भाषेत एक ओळ कोरलेली आहे. आपण आजारी असल्याचे आपण आधीच सांगितले होते, असा तिचा अर्थ. हसत हसत का होईना, आजार आहे हे सांगता येणे, एवढे काम विनोदाने निश्चितपणे केले. आमच्या मते हास्याचे या व्याधीतील खरे कार्य हेच आहे. मूळ व्याधी त्याने जात नाही, परंतु व्याधीभोवती साचलेली लाज, भीती आणि अबोला यांचा भार त्याने हलका होतो. हा भार हलका झाला, की रुग्ण औषध वेळेवर घेतो आणि घरचे वेळेवर विचारपूस करतात.

हास्याचे भेद

हास्य एकच नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रात त्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन भेद आणि स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिले दोन उत्तम प्रकृतीचे, मधले दोन मध्यम व शेवटचे दोन अधम मानले आहेत. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या. माणसे जोडणारा, स्वतःस सावरणारा, दुसऱ्यास टोचणारा आणि स्वतःस तुच्छ लेखणारा, असे ते चार प्रकार होत. पहिले दोन मनःस्वास्थ्यास पोषक असतात, शेवटचे दोन घातक ठरू शकतात.

चिकित्सालयात हा भेद ओळखणे कठीण नाही. "मागल्या उन्हाळ्यात म्या आमदार व्हायचं ठरवलं होतं, बायकोनं मतदान केलं नाही म्हणून राहून गेलं," असे सांगून रुग्ण हसतो, तेव्हा तो आपल्या आजाराकडे थोड्या अंतरावरून पाहत असतो. हे शुभ लक्षण आहे. "मी तं घरादाराले भार, बुजगावण्याइतकाही कामाचा नाही," असे म्हणून तोच हसतो, तेव्हा वाक्यास विनोदाचा वेष असला तरी आत आत्मनिंदा असते. वैद्याने अशा वेळी हसण्यात सामील होऊ नये.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे मरणाविषयीची थट्टा. 'आपली लाकडं मसणात पोचली' असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि बहुतेक वेळा त्यात काही विशेष नसते. परंतु द्विध्रुवीय विकाराच्या रुग्णाने, विशेषतः तरुण रुग्णाने, अशी भाषा वारंवार वापरली, तर ती हसण्यावारी नेऊ नये. त्यास एकांतात, सरळ शब्दांत विचारावे की, मरणाचे विचार मनात येतात काय, काही ठरविले आहे काय. असे विचारल्याने तो विचार त्याच्या मनात नव्याने शिरत नाही. उलट कोणीतरी विचारले याने त्याचा भार हलका होतो. आपल्या शेतकरी घरांत फवारणीचे औषध कोठीतच ठेवलेले असते. ते त्याच दिवशी कुलुपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलविण्यास सांगावे.

अवस्थानुरूप योजना

उन्मादावस्थेत हास्य हे लक्षण असते. रुग्णाचा विनोद या काळात चपळ आणि संसर्गजन्य असतो. आजूबाजूचे हसतात, आणि ते हसणे त्याच्या उत्साहात भर घालते. या काळात टाळ्या देऊन दाद देऊ नये, वादही घालू नये. आवाज, प्रकाश, माणसांची वर्दळ आणि जागरण कमी करावे. हास्यक्लब किंवा हास्ययोगाचे वर्ग या अवस्थेत वर्ज्य समजावेत. अल्पोन्मादात तर अधिक सावध राहावे, कारण रुग्ण सर्वांस हवाहवासा वाटतो आणि 'आता कुठे मोकळा झाला' असे समजून घरचे औषध सैल करतात.

गाढ नैराश्यात हास्य पोहोचतच नाही. हसविण्याचा प्रयत्न झाला की आपणास हसूही येत नाही, या जाणिवेने रुग्ण अधिक खचतो. येथे शब्दांपेक्षा सोबत उपयोगी पडते. शेजारी बसावे, चहा द्यावा, ओसरीपर्यंत चालवावे. नैराश्य उतरू लागले, की पहिले स्मित आपोआप येते. त्याचा गाजावाजा करू नये.

हास्याचा खरा काल म्हणजे समावस्था. अतिहसितापेक्षा स्मित व हसित यांची मात्रा या काळात नित्य असावी. आपल्या वऱ्हाडास हे द्रव्य बाहेरून आणावे लागत नाही. पोळ्याच्या तोरणाखाली सावकारापासून सरकारपर्यंत सर्वांची फिरकी घेणाऱ्या झडत्या आपल्याकडे म्हटल्या जातात. गावोगाव भारुडे होतात. गाडगेबाबा वऱ्हाडीतून श्रोत्यांस प्रश्न विचारीत, हशा पिकवीत आणि त्याच हशात व्यसन, कर्ज व अंधश्रद्धा यांवर प्रहार करीत. ज्या भूमीतील वत्सगुल्म नगरीत, म्हणजे आजच्या वाशिमात, काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह झाल्याची कथा राजशेखराने सांगितली, तेथील माणसास शब्दांचा खेळ शिकविण्याची गरज नाही. तो कोणत्या वेळी थांबवावा, एवढेच सांगावे लागते.

एका कुटुंबाची रीत

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून आम्ही एक उदाहरण येथे देतो. पाच एकर कोरडवाहू शेती असलेल्या एका तरुणाने उन्मादाच्या भरात सोयाबीन घरात येण्यापूर्वीच बाजारात तीन बैलजोड्यांचा सौदा केला होता. बरे झाल्यावर त्या अवस्थेस त्याने स्वतःच नाव दिले, 'पोळा भरणे'. नैराश्यास तो 'बैल बसला' म्हणू लागला. हळूहळू घराने ही भाषा उचलली. तो रात्री उशिरापर्यंत अंगणात येरझारा घालताना दिसला, की वहिनी विचारते, "काहो भाऊजी, पोळा भरून राह्यला का?" तो उत्तर देतो, "नाही वहिनी, अजून तोरणच बांधून राह्यले."

या उत्तरानंतर घरात काय करावयाचे, हे आधीच ठरलेले आहे. त्या रात्रीपासून नऊ वाजता दिवा मालवायचा. रात्रीच्या विजेवर ओलिताला भावाने जायचे. पासबुक व एटीएम कार्ड आईच्या पेटीत ठेवायचे. दोन दिवसांत झोप न सुधारल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे. 'तुला पुन्हा वेड लागत आहे' असे कोणी म्हटले असते, तर भांडण झाले असते. 'पोळा' म्हटल्याने दोघे हसतात आणि काम होते.

अशा घरगुती विनोदास चार पथ्ये आम्ही सांगतो. शब्द रुग्णाने स्वतः निवडलेला असावा. तो घराबाहेर जाऊ नये, कारण हसतील त्याचे दात दिसतील असे म्हणून पारावरची थट्टा सोसण्याची ताकद प्रत्येकात नसते. रुग्णाने 'आज नको' म्हटले, की थांबावे. आणि विनोदामागोमाग ठरलेली कृती झालीच पाहिजे. कृतीवाचून विनोद म्हणजे नुसती चेष्टा होय.

झोपेचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. या व्याधीत जागरण हे परिणाम असते तसेच कारणही असते. रब्बीत रात्री ओलित करणे, लग्नसराई, यात्रा यांनंतर व्याधी उसळलेला अनेकदा दिसतो. निद्रा व आहार यांची नियमितता सांगणारी आपली दिनचर्या येथे कोणत्याही विनोदापेक्षा अधिक मोलाची आहे.

वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

आता नातेवाइकांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. गोळ्या बंद करता येतील काय? याचे उत्तर स्पष्ट शब्दांत 'नाही' असे द्यावे. समावस्था औषधांमुळे टिकलेली असते, आणि ती अचानक बंद केल्यास पुनरुद्भव होतो. त्यांत बदल करावयाचा तो मानसोपचारतज्ज्ञानेच करावा.

लिथियम घेणाऱ्या रुग्णाबाबत विशेष जपावे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी त्याचा उन्मादातील उपयोग दाखविला, आणि आजही ते या व्याधीतील प्रमुख औषध आहे. परंतु त्याची हितकर व विषारी मात्रा यांत अंतर थोडे आहे. रक्तातील प्रमाण सामान्यतः ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असावे लागते, आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. शरीरातील पाणी व मीठ कमी झाले, की हे प्रमाण वाढते. म्हणून अशा रुग्णास वमन-विरेचन, अलवण आहार, कडक उपवास किंवा मूत्रल द्रव्ये तज्ज्ञांच्या संमतीवाचून देऊ नयेत. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही हेच घडू शकते. पारा ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात मजुरी करणाऱ्यास पाणी व नेहमीइतके मीठ घेण्याची आठवण द्यावी. उलट्या, जुलाब, हातांचा मोठा कंप, अडखळते बोलणे, झोकांड्या ही लक्षणे दिसताच रुग्णालयात पाठवावे.

आपल्या औषधींविषयीही विवेक हवा. सर्पगंधा ही उन्मादावरील औषधी म्हणून १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी आधुनिक वैद्यकापुढे मांडली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु तिच्यातील रेसर्पिन नैराश्य आणू शकते, हे पुढे लक्षात आले. ज्या व्याधीचे दुसरे टोकच नैराश्य आहे, त्यात ती झोपेसाठी सहज देणे योग्य नव्हे. कपिकच्छूत लेव्होडोपा असते, म्हणून उन्मादाचा पूर्वेतिहास असणाऱ्यास ती वाजीकरणार्थ देताना दहा वेळा विचार करावा.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने 'मनोविज्ञान व मानसरोग' या विषयातील आयुर्वेदीय पदव्युत्तर वैद्यास मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. अधिकाराबरोबर जबाबदारीही आली आहे. २०१५ मध्ये राज्य शासनाने शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी सुरू केलेल्या 'प्रेरणा प्रकल्पा'त वाशिमचा समावेश होता. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही केंद्र शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक वैद्याने आपल्या चिकित्सालयाच्या भिंतीवर, रुग्णास वाचता येईल अशा जागी लावावा, अशी आमची विनंती आहे.

चिकित्सेच्या त्रिविध भेदांत सत्त्वावजयास चरकाचार्यांनी स्वतंत्र स्थान दिले आहे. अहितकर विषयांपासून मनास आवरणे, हे त्याचे स्वरूप. योग्य काळी, योग्य मात्रेत आणि रुग्णाच्या संमतीने योजिलेले हास्य हे या सत्त्वावजयाचे एक सौम्य अंग होऊ शकते. ते युक्तिव्यपाश्रय चिकित्सेची, म्हणजेच औषध व आहार यांची जागा घेऊ शकत नाही. पुढील वेळी एखादी माता 'त्याले हसतं ठेवू का?' असे विचारील, तेव्हा आपण तिला आधी हे विचारावे की, तो काल रात्री किती वाजता झोपला, गोळी घेतली काय आणि घरातील फवारणीचे औषध कोठे आहे. या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर तिने मुलासोबत पोटभर हसावे, असे आपण निःशंकपणे सांगू शकतो.